जेमतेम खारट

“ह्यात मीठ हाय कुठं?”

पोशाबाबांनी भांडं तोंडाला लावून एक घोट घेतला, जीभ टाळूला दोनदा टेकवली आणि जमलेल्या बायकांकडे बघत हे विचारलं. बायका फिदीफिदी हसल्या. मीही हसले. अगदी पदर तोंडाला लावून हसले, कारण आडखारला येऊन मला अकरा महिने झाले होते आणि माझ्या ओट्यावर एवढी माणसं त्या दिवशी पहिल्यांदा जमली होती.

“आहे हो बाबा, आहे,” मी म्हटलं. “लिटरभर पाण्यात मूठभर साखर आणि तीन बोटांची एकच चिमूट मीठ. जेमतेम खारट लागलं पाहिजे. डोळ्यांतल्या पाण्याइतकं. त्याहून खारट नको.”

“डोल्यांतल्या पान्याची चव मना काय म्हायत? चालीस वरसं आगरात हाय मी. रडाय सवड कुनाला हाय?”

बायका पुन्हा हसल्या. मी म्हटलं, “मग आता ही चव लक्षात ठेवा.”

“एकदा जिभंवर बसली का जात नाय,” ते म्हणाले आणि मिशा पुसून भांडं खाली ठेवलं.

हे सगळं चौऱ्याऐंशी सालच्या मे महिन्यातलं. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते. निर्मला वैरागडे, मुक्काम हिंगणघाट, नर्सिंगचा कोर्स करून सरकारी नोकरीला लागलेली. नेमणूक मिळाली ती थेट दुसऱ्या टोकाला, खाडीकाठच्या मिठागरवाल्यांच्या गावात. समुद्र बघायला मिळणार म्हणून केवढी नाचले होते मी! कसला समुद्र अन् कसलं काय. भरतीला गढूळ पाणी, ओहोटीला मैलभर चिखल. आणि जिथं नजर जाईल तिथं मिठाच्या कोंड्या, म्हणजे खारं पाणी आटवायचे चौकोन, त्यांचे बांध आणि बांधावर पांढरे ढीग. दुपारी तिकडे बघितलं की डोळे दिपायचे.

उपकेंद्र म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत सरकार, मागच्या खोलीत मी. गावातली माणसं वाईट नव्हती. “बऱ्या हाव ना नर्सबाय?” असं विचारायची, आणि मी उत्तर देईपर्यंत पुढे गेलेली असायची. त्यांची बोली मला कळायची नाही, माझी त्यांना हसू आणायची. मी एकदा “का?” ऐवजी आमच्याकडचं “काहून?” म्हटलं, तर आठवडाभर पोरं माझ्या मागे “काहून, काहून” करत फिरली. संध्याकाळी दार लोटून मी स्टोव्ह पेटवायची. एका माणसाचा भात कधी नीट होत नाही. कधी पाणी जास्त, कधी तांदूळ जास्त, आणि तो चांगला झाला की बिघडला हे सांगायलाही दुसरं कोणी नाही. काही दिवस तर असे जायचे की, झोपताना वाटायचं, आज आपण आपला आवाजच ऐकला नाही.

एकटे पोशाबाबा यायचे. साठीच्या पुढचे, काळेभोर, पाय मिठानं चिरलेले. बायको जाऊन बारा वर्षं झालेली. मुलगा रेतीच्या बोटीवर, तो महिन्या-दोन महिन्यांनी उगवायचा. घरात सून सुगंधा आणि दहा महिन्यांची नात, तिला सगळे बारकीच म्हणत. आगरातून सुटले की बाबा माझ्या ओट्यावर टेकायचे आणि रोज तोच प्रश्न विचारायचे, “जेवलीस का गो?”

त्या गावात हे मला दुसऱ्या कोणी विचारलं नाही. त्या एका प्रश्नासाठी मी दिवसभर घड्याळ बघायची, आता खोटं कशाला बोलू.

एकदा मंगळवारी त्यांनी वाटीभर कालवण आणलं. सुक्या बोंबलाचं. “सुनेनं केलंय. मीठ-मसाला सगला माज्या हातचा,” म्हणाले. ते गेल्यावर मी घास घेतला आणि अगं बाई! डोळे गच्च मिटले. मिठाचा खडाच चघळावा तसं. मी मागच्या दारानं बाहेर गेले आणि गावातल्या लाल कुत्र्यापुढे वाटी उपडी केली. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून वाटी परत दिली.

“कसं व्हतं?”

“छान झालं होतं हो बाबा. बोटं चाटून खाल्लं.”

म्हातारा असा फुलला की विचारू नका. तेव्हापासून दर मंगळवारी वाटी यायला लागली आणि कुत्रं माझ्या मागच्या दाराशी मुक्कामालाच आलं. ते कालवण खायचं आणि मग माझ्या बादलीत तोंड घालून लपालपा पाणी प्यायचं. मी दर बुधवारी म्हणायची, छान झालं होतं.

तर त्या मे महिन्यात गावात टँकरचं पाणी यायला लागलं आणि पोरांना जुलाब सुरू झाले. जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या सरकारी पुड्या संपलेल्या. वरून उत्तर आलं की घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी करायला शिकवा. म्हणून मी बायकांना ओट्यावर बोलावलं होतं आणि बाबा आपले हौसेनं येऊन पुढे बसले होते.

बायका गेल्या तरी बाबा बसून राहिले. काहीतरी घोळत होतं त्यांच्या डोक्यात.

“एक इचारू? मीठ तं पानी बाहेर वढतं. कैरीला मीठ लावलं का पानी सुटतं. आमचं पाय बघ, दिसभर खाऱ्या पान्यात ऱ्हावून सुकट झालंन. मंग पोराच्या पोटात मीठ घालून पानी आत कसं ऱ्हायाचं?”

मी उडालेच. आमच्या वर्गातल्या चाळीस मुलींपैकी एकीनंही सिस्टरना हे विचारलं नव्हतं. मी आत जाऊन बटाटा आणला. त्याची एक चकती साध्या पाण्यात टाकली, एक मिठाच्या. थोड्या वेळानं दोन्ही त्यांच्या हातात दिल्या. साध्या पाण्यातली कडक, मिठातली लुळी.

“आपलं सगळं अंग बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं, बाबा. प्रत्येकीला पातळ पडदा. त्यातून पाणी ये-जा करतं. जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी धावतं.”

“तेच तं बोलतंय मी.”

“ऐका तर! आतड्याला पण तसाच पडदा आहे. आणि त्याच्यात दारं आहेत. मीठ एकटं गेलं की दार उघडत नाही. साखर एकटी गेली तरी नाही. दोघं जोडीनं गेली की दार उघडतं, दोघं आत जातात आणि त्यांच्या मागून पाणी आत जातं. पण दोघांचं माप बरोबर पाहिजे. मीठ वाढलं की ते बाहेरच राहतं आणि अंगातलंच पाणी ओढतं. आत शिरलं तर रक्तात साठतं, ते आणखी वाईट.”

बाबा चकती बोटांत वाकवत बसले. मग मिश्कील हसले.

“म्हंजे जोडीनं येल त्यालाच दार उघडतं.”

“हो.”

“मंग आपन दोघं भायेरच की गो!”

मी खो खो हसले. ते गेल्यावर मात्र स्टोव्हपुढे बसून जरा रडू आलं.

त्यांची जीभ गावात प्रसिद्ध होती. कोंडीत बोट बुडवून, चाटून ते सांगायचे, पाणी पिकलं, उद्या मीठ धरेल. आगराच्या मालकाचा, शेठचा माणूस काचेची नळी घेऊन यायचा, पाण्याचा खारेपणा मोजायचा, आणि बाबांचंच खरं निघायचं. दुसऱ्या दिवशी टँकरपाशी बायका भेटल्या तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सांगून टाकलं, “पोशाबाबांनी चाखल्याशिवाय कोणी पोराला पाणी पाजायचं नाही. मिठातलं त्यांच्याइतकं कोणाला कळतं?”

बाबांच्या कानावर गेलं. संध्याकाळी आले ते स्वच्छ बंडी घालून. “आता सकालीबी यावं लागंल मना,” म्हणाले. “कुनाकडं पानी केलं, कुनाकडं नाय, तुला सांगाय.”

“या ना,” मी म्हटलं. “चहा करून ठेवत जाईन.”

त्यानंतर पहिली आजारी पडली ती त्यांचीच बारकी.

सोमवारी सकाळी सुगंधा बोलवायला आली. पोरीला आठ-दहा वेळा झालं होतं, डोळे खोल गेले होते, पण हातपाय हलवत होती. मी सुगंधाला समोर बसवून पाणी करायला लावलं. तिनं मूठभर साखर टाकली. घरात मीठ म्हणजे आगरातलं जाड, खड्यांचं. तिनं तीन बोटांनी उचललं आणि सासऱ्याकडे बघितलं. त्यांनी चाखलं, मान हलवली.

“कायच लागत नाय. टाक अजून जरा.”

मी दारात होते. पलीकडच्या घरातून बाळंतिणीचा निरोप आला होता, चप्पल पायात घालत होते. मला ऐकू आलं. मनात म्हटलं, खडे विरघळले नसतील अजून.

“जेमतेम खारट, हां बाबा!” मी ओरडून सांगितलं.

“व्हय व्हय. माज्यावर सोर तू!”

मंगळवारी गेले तेव्हा बारकी पीत होती. वाटी ओठाला लागली की हिसकून घ्यायची, घटाघट प्यायची आणि संपली की आणखी मागून रडायची. सुगंधाचा चेहरा उजळला होता. “बघा बाय, कशी पितंय! काल तोंडात घेत नव्हती.”

“जुलाब?”

“हायेत अजून. पन पितंय ना.”

मलाही आनंद झाला. पोर पितेय म्हणजे तरतेय, असंच शिकवलं होतं आम्हाला. बाबांनी पातेलं उचललं, त्यावरचं फडकं काढलं आणि ओगराळ्यानं घोटभर माझ्यापुढे धरलं.

“चाखून बघ.”

मी हात हलवला. “तुम्ही चाखलंत ना? मग झालं. मी कशाला चाखू?”

सुगंधाच्या देखत, शेजारणीच्या देखत मी हे म्हटलं. म्हाताऱ्याची छाती फुगली. मला बरं वाटलं. निघताना त्यांनी मंगळवारची वाटी दिली आणि मी ती पदराखाली घेऊन घरी आले. कुत्रं वाट बघतच होतं.

बुधवारी दहाच्या सुमारास सुगंधा अनवाणी पळत आली. “बाय, पोर कशीच करतंय!”

मी दारातूनच तो आवाज ऐकला. रडणं नव्हतं ते. पातळ, टोकदार किंचाळी, थांबून थांबून. अंग तापलेलं, हातपाय ताठ. मी पोटाची कातडी चिमटीत धरली. सुकलेल्या पोराची कातडी सैल पडते, वर तशीच राहते. ही कणकेसारखी लागली हाताला, घट्ट, मऊ. तोंडाशी चमचा नेला तर चमचाच चावला. मग डावा हात झटके द्यायला लागला.

मी वळले, पातेल्यावरचं फडकं ओढलं आणि ओंजळीनं पाणी तोंडात घेतलं.

डोळे गच्च मिटले माझे. मंगळवारच्या कालवणानं मिटायचे तसेच.

मी अंगणात जाऊन थुंकले. बाबा खांबाला धरून उभे होते. त्यांनी मला थुंकताना बघितलं.

“काय झालं गो?”

“काही नाही. दवाखान्यात न्यायचं. आत्ताच्या आत्ता.” मी ते पातेलं उपडं केलं आणि सुगंधाला सांगितलं, “हे पाणी आता नाही द्यायचं. पोर घेईल तसं अंगावर पाज, बाकी काही नाही.”

ओहोटी होती. तालुक्याला जायची होडी चिखलात रुतलेली, चार तास हलणार नाही. आम्ही बांधावरून निघालो. भर उन्हात, दोन्हीकडे मिठाच्या कोंड्या, खालून वरून ऊन नुसतं चटके देत होतं. सुगंधा पुढे, बारकीला छातीशी धरून, तिच्यावर ओलं फडकं. बाबा तिच्यावर छत्री धरून जवळजवळ पळत होते. वाटेत बारकीचा आवाज बंद झाला. सुगंधा थांबली, वळून माझ्याकडे बघितलं. मी कान लावला. श्वास होता. “चल,” मी म्हटलं, “थांबू नकोस.” पायवाट संपते तिथं मिठाचा ट्रक भरून निघत होता. ड्रायव्हरनं सुगंधाला आणि पोरीला पुढे घेतलं. बाबा आणि मी मागे, मिठाच्या ढिगावर चढून बसलो.

ट्रक हलल्यावर त्यांनी विचारलं, “पोरीला काय झालंय? खरं सांग.”

“मीठ जास्त झालंय अंगात.” मी त्यांच्याकडे बघितलं नाही. “रक्तात साठलंय. ते सगळीकडच्या पेशींतलं पाणी बाहेर ओढतंय. मेंदूतलंसुद्धा. म्हणून झटके.”

“बटाट्यावानी?”

“हो.”

“म्हनून पीत व्हती तेवरी. तान लागून. आनि आमी तेच पाजत व्हतो.”

“हो बाबा.”

“पन मी चाखलं व्हतं. परतेक बारीला. जेमतेम खारट व्हतं, तू बोललीस तेवरंच.”

“तुमच्या जिभेला, बाबा.”

ट्रक खड्ड्यात आदळला. ते हातानं मीठ धरून बसले होते. आधी मला कळलंच नाही. मग दिसलं की त्यांच्या मिशीवरून पाणी ओघळतंय. आवाज नाही, हुंदका नाही. त्यांनी गालावरून बोट फिरवलं, आणि कोंडीत बुडवून चाटायचे तसंच ते बोट जिभेवर ठेवलं. जीभ टाळूला दोनदा टेकवली.

“एवरंच?” त्यांनी माझ्याकडे बघितलं. “एवरंच खारट बोललीस तू?”

“एवढंच.”

“हे तं मना पानीच लागतं गो.”

त्या वेळी मला बोलायचं होतं. बाबा, तुमच्या जिभेची चूक नाही, ती मिठात मुरलेली आहे हे मला पहिल्या वाटीपासून माहीत होतं. तुम्ही माझ्याकडे येत राहावं म्हणून मी तुम्हाला ते काम दिलं. सगळं ओठाशी आलं होतं. मी पुढच्या रस्त्याकडे बघत बसले.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नातू म्हणून नवीनच आलेले तरुण डॉक्टर होते. त्यांनी पोरीला सलाईन लावली आणि थेंब इतके सावकाश सोडले की सुगंधा माझ्या कानात म्हणाली, “बाय, एवरं हलू कशाला? लवकर सोराय सांगा ना.”

डॉक्टरांनी ऐकलं. “घाई केली तर जाईल ती,” ते म्हणाले. “पेशी आत सुकून गेल्यात. पाणी एकदम घुसलं तर मेंदू सुजेल. ज्या पडद्यातून बाहेर आलंय त्यातूनच परत जाऊ द्यायचं, हळूहळू. दोन दिवस लागतील. बघू.” मग त्यांनी चष्मा काढला आणि आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “ते मिठाचं पाणी केलं कोणी? कसं करायचं ते शिकवलं होतं की नाही?”

“मी शिकवलं होतं,” मी म्हटलं.

“आणि पाजण्याआधी चाखलं कोणी? सिस्टर, तुम्ही बघितलं होतं?”

माझी नोकरी अजून पक्की झाली नव्हती. अर्थात ते सगळं नंतर सुचलेलं. त्या क्षणी नुसती भीती होती. मी तोंड उघडलं, पण शब्द निघायच्या आत बाबा पुढे झाले.

“बायनं बरोबर सांगलं व्हतं सायेब. एकच चिमूट. मीच वरून टाकलं. मना वाटलं, ज्यास्ती टाकलं म्हंजे लवकर बरी व्हईल.”

असं त्यांना कधीच वाटलं नव्हतं.

“अक्कल आहे का, बाबा, तुम्हाला?” डॉक्टर कडाडले. “एवढे पांढरे केस झाले! मिठागरात राहता आणि मिठाचं माप कळत नाही? स्वतःच्या नातीला मारायला निघाला होतात तुम्ही!”

बाबा हात जोडून उभे राहिले. सुगंधा त्यांच्याकडे बघत होती, तशा नजरेनं सुनेनं सासऱ्याकडे बघू नये. मी नळीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले.

तिसऱ्या दिवशी सकाळी बारकीनं डोळे उघडले, आईच्या बांगड्या धरून ओढल्या आणि साधं, नेहमीचं, भोकाड पसरलं. सुगंधा हसत हसत रडली. मी व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकले आणि सुटल्यासारखी खाली बसले. डॉक्टरांनी आमच्या साहेबांना चिठ्ठी लिहिली, सिस्टर वैरागडे यांनी वेळीच लक्षण ओळखून पेशंट आणला म्हणून जीव वाचला. पुढच्या मासिक सभेत ती सगळ्यांसमोर वाचून दाखवली आणि टाळ्या वाजल्या. मी नमस्कार केला. महिन्याभरात नोकरी पक्की झाल्याचा कागदही आला.

बाबा मात्र ओट्यावर आले नाहीत.

आधी वाटलं, पोरीपाशी असतील. मग वाटलं, काम असेल. मी सकाळी दोन कप चहा टाकायची आणि एक ओतून द्यायची. मंगळवार आला, वाटी आली नाही. कुत्रं मागच्या दारात बसून राहिलं. दुसरा मंगळवार आला, तेव्हाही बसलं. तिसऱ्या मंगळवारी तेही आलं नाही. गावात बायका म्हणायच्या, पोशाबाबाची जीभ गेली, आता शेठचा माणूस नळीनंच बघतो. सुगंधा सासऱ्याच्या ताटात भाकरी ठेवते आणि बोलत नाही, असंही ऐकलं.

शेवटी मलाच राहवेना. हंगाम संपत आला होता, आगरात शेवटचं मीठ ओढत होते. मी बांधावरून चालत त्यांच्या कोंडीपाशी गेले. ते गुडघाभर पाय उघडे टाकून लांब दांड्याच्या फळीनं मीठ काठाला ओढत होते. मला बघून थांबले नाहीत.

“बाबा, बोलायचंय.”

“बोल.”

“चूक माझी होती. मी डॉक्टरांना सांगणार आहे. सुगंधालाही सांगते. तुम्ही माझ्यासाठी उगाच—”

“आता सांगून काय करशील? पोर बरी हाय. तुजी नोकरी ऱ्हायली. ऱ्हाव दे.”

“तुम्हाला नाही माहीत, बाबा. मला आधीपासून कळलं होतं. तुमच्या घरात मीठ किती पडतं ते. ते कालवण...” “ते मला खाववत नव्हतं. मी कधीच खाल्लं नाही.”

“म्हायत हाय,” बाबा म्हणाले.

“काय माहीत आहे?”

“कुत्र्याला घालत व्हतीस. पयल्याच मंगलवारी बघलं मी. तंबाखूची डबी ऱ्हायली म्हनून मागारी आलो व्हतो.” त्यांनी फळी टेकवली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता. “म्हटलं, बोंबील खात नसंल घाटावरची पोर. संकोचानं बोलत नसंल. एकटी हाय बिचारी. म्हनून आनत ऱ्हायलो. कुत्रं तरी खातंय.”

“बाबा...”

“पन खारट हाय, ते नाय कललं मना. कोन सांगनार? मना सगलं पानीच लागतं. कारभारीन व्हती तवर ती बोलायची, आज ज्यास्ती झालं. ती गेली. सून बोलत नाय, सासरा हाय म्हनून. तू तं शिकलेली. तू रोज म्हनलीस, छान झालं.” त्यांनी फळी पुन्हा उचलली. “तवाच बोलायचं व्हतंस गो. खारट हाय म्हनून. एवरंच बोलायचं व्हतंस.”

आणि ते मीठ ओढायला लागले.

मी डॉक्टरांना सांगितलं नाही. सुगंधालाही नाही. आणखी दोन वर्षं त्या गावात काढली आणि बदली मागून घेतली. बाबा रस्त्यात भेटले की बाजूला होऊन वाट द्यायचे, “बरी हायस ना?” म्हणायचे आणि पुढे जायचे. जेवलीस का, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

आता निवृत्त होऊन मला किती वर्षं झाली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. भात अजून नीट होत नाही. मागच्या महिन्यात समोरच्या बिऱ्हाडात नवीन लग्न झालेली मुलगी राहायला आली, पल्लवी नावाची. तिनं हौसेनं मसालेभाताची वाटी आणून दिली आणि दारातच उभी राहिली. “कसा झालाय काकू?”

मी तिच्यासमोर घास घेतला. “मीठ जास्त झालंय,” म्हटलं.

तिचा चेहरा पडला. खडूस म्हातारी म्हणत असेल मला घरात, म्हणू दे. त्यानंतर काही ती आली नाही. तिची वाटी अजून माझ्याकडेच आहे, घासून ओट्यावर ठेवली आहे.